टेलिलेव्हर, ड्युओलेव्हर, हब-सेंटर: पुढचं सस्पेन्शन वेगळं असलं की गाडी हाताला कशी लागते?

पर्वरीकर_६६

नमस्कार मंडळी. आजवर साध्या टेलिस्कोपिक फोर्कच्याच (एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्यांच्या) गाड्या चालवल्या आहेत. आता एक वापरलेली बीएमडब्ल्यू आर १२००जीएस बघून ठेवली आहे, २०१५ची. पुढे टेलिलेव्हर, म्हणजे बीएमडब्ल्यूचं नळ्या आणि आर्म मिळून बनलेलं सस्पेन्शन आहे. आठवडाभर पर्वरी ते फोंडा, महिन्यातून दोनदा साखळी-केरीमार्गे चोर्ला घाट चढून बेळगाव, असा वापर होणार. पावसाळ्यात गाडी झाकून ठेवायचा विचार नाही.

ऐकायला मिळतं ते दोन टोकांचं. कोणी म्हणतं, कितीही ब्रेक दाबा, गाडी नाक टाकत नाही, एकदम निवांत. कोणी म्हणतं, पुढचं चाक मेलेलं वाटतं, रबरी हातमोजे घालून मासे साफ केल्यासारखं. मला नेमकं हे हवंय: नाक खाली जात नसेल तर पुढच्या टायरची पकड कुठवर आहे ते कळतं कशावरून? घाट उतरताना वळणाच्या आत थोडा पुढचा ब्रेक धरून ठेवायची सवय आहे, ती इथे चालते का? खड्डे आणि गतिरोधक यांत काय फरक पडतो? आणि जुनी गाडी घेताना पुढच्या भागात काय तपासायचं? ड्युओलेव्हर, नवी होंडा गोल्डविंग, हब-सेंटर यांबद्दल माहिती असेल तर तीही लिहा, तुलनेला बरी.

डिचोलीचा_पाना

साधा फोर्क ब्रेकमध्ये काय करतो ते आधी बघा, म्हणजे टेलिलेव्हरमध्ये कशाची उणीव भासते ते समजेल.

साध्या फोर्कमध्ये तीन कामं एकाच नळीत कोंबलेली असतात: चाक वळवणं, खड्डा पचवणं आणि ब्रेकचा जोर पेलणं. फोर्क उभ्या रेषेपासून साधारण २५ अंश कललेला असतो. ब्रेक लागला की वजन पुढे येतं, ते कुठल्याच दुचाकीत टळत नाही. शिवाय रस्ता चाकाला मागे ढकलतो, आणि फोर्क तिरका असल्यामुळे त्या ढकलण्यातला काही वाटा थेट स्प्रिंग दाबण्यात जातो. म्हणून नाक एवढं बसतं. १४०० मिलिमीटर व्हीलबेसच्या (दोन्ही चाकांच्या आसांमधल्या अंतराच्या) गाडीचं नाक ८० मिलिमीटर खाली गेलं तर अख्खी गाडी ३ अंशांहून थोडी जास्त पुढे कलते. रेक, म्हणजे फोर्कचा कल, २५चा २२ होतो. चाकाची त्रिज्या ३०० आणि ऑफसेट (स्टिअरिंगच्या रेषेपासून चाकाचा आस किती पुढे) ३५ मिलिमीटर धरला तर ट्रेल (स्टिअरिंगची रेषा जमिनीला मिळते तिथून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर) १०१वरून ८३-८४ मिलिमीटरवर येतो. म्हणजे ब्रेक धरलेला असताना गाडी पटकन वळते. ही चपळाई अंगात इतकी मुरलेली असते की ती फोर्कच्या बसण्यातून आलेली आहे हे कधी लक्षातच येत नाही.

टेलिलेव्हर १९९३मध्ये आर ११००आरएसवर आला. बाहेरून दोन नळ्या दिसतात, पण त्यांच्यात स्प्रिंगही नाही आणि डँपिंगही (उसळी शमवण्याची सोय) नाही, तेल आहे ते फक्त वंगणापुरतं. दोन्ही पायांना जोडणारा एक पूल आहे, त्या पुलावर बॉल जॉइंट (सगळीकडे फिरणारा गोळी-वाटीचा सांधा) आहे, आणि इंजिनाच्या केसिंगवर टेकलेला त्रिकोणी आर्म तो बॉल जॉइंट धरून ठेवतो. शॉकअप एकच, आर्मवर उभा. ब्रेकचा मागे ढकलणारा जोर हा आर्म सरळ इंजिनात नेतो, स्प्रिंगच्या वाट्याला तो येत नाही. आर्मच्या कोनामुळे पुढे आलेल्या वजनातलाही काही भाग पेलला जातो. ट्रेल कमी होण्याऐवजी जवळपास तेवढाच राहतो किंवा किंचित वाढतो. थोडं बसणं मुद्दाम शिल्लक ठेवलेलं आहे, त्यामुळे नाक अजिबात हलत नाही असं समजू नका.

आता पकडीचा प्रश्न. फोर्कचं बसणं टायरची पकड कधी सांगतच नव्हतं. ब्रेक किती जोरात लागलाय, एवढंच ते सांगत होतं. जूनच्या पहिल्या पावसात, रस्त्यावर तेल आणि धूळ वर आलेली असताना, फोर्क निम्मासुद्धा बसलेला नसतो आणि टायर सुटतो. पकडीची खरी खबर तीन ठिकाणी असते: लिव्हरवर बोटांचा दाब वाढवला की वेग त्या प्रमाणात तुटतोय का, हँडलचं वजन तळव्याला स्थिर लागतंय की अचानक हलकं होतंय, आणि शरीर टाकीवर किती जोराने पुढे येतंय. टेलिलेव्हरवर या तिन्ही खुणा शाबूत असतात. गेलेली असते फक्त चौथी, सगळ्यात मोठी आणि सगळ्यात कमी उपयोगाची. हातमोज्याची उपमा देणारे बहुतेक तीच शोधत असतात.

वळणात ब्रेक धरणं चालतं, आणि इथेच ही रचना सगळ्यात चांगली आहे. साध्या फोर्कवर वळणात ब्रेक सोडला की नाक उसळतं आणि गाडी रेषा रुंद करते. टेलिलेव्हरवर ब्रेक धरा किंवा सोडा, रेषा फारशी हलत नाही. मात्र एक सवय बदलावी लागेल. साध्या फोर्कवर ब्रेकमुळे रेक उभा होऊन गाडी आपोआप आत वळायला मदत होते, ती मदत इथे नाही. काउंटरस्टिअर (ज्या बाजूला वळायचं तिकडचं हँडल पुढे ढकलणं) थोडं लवकर आणि थोडं ठामपणे द्या. चोर्ल्याहून केरीकडे उतरताना पहिल्या दोन-तीन वळणांत गाडी बाहेर जातेय असं वाटतं ते यामुळेच.

खड्ड्यांचं दुहेरी आहे. ब्रेक धरलेला असतानाही पुढे भरपूर ट्रॅव्हल, म्हणजे चाकाला वरखाली व्हायची जागा, शिल्लक असतो (या गाडीला १९० मिलिमीटर), शिवाय वाकवणारा जोर आर्म घेतो म्हणून नळ्या एकमेकींत अडकत नाहीत. वळणात, ब्रेकवर, खडबडीत डांबरावर याचा फरक मोठा आहे. उलट बाजू अशी की चौकोनी काठाचा खड्डा साध्या फोर्कला थोडा मऊ लागतो, कारण चाक तिरकं मागे सरकत वर जातं. इथे चाक जवळपास सरळ वर जातं, त्यामुळे उभ्या कडेवर एक कोरडा ठोका बसतो. उपाय एकच, उभा काठ दिसला की चाक तिथे पोचायच्या आत ब्रेक सोडा.

मांडवीतीर

पाना यांनी लिहिलेलं पटलं, फक्त एका गोष्टीत भर घालतो. जीएस ब्रेकमध्ये सपाट राहते याचं सगळं श्रेय टेलिलेव्हरला देऊ नका. या गाडीत पुढचा लिव्हर दाबला की मागचा ब्रेकही काही प्रमाणात आपोआप लागतो. मागचा ब्रेक लागला की मागची बाजू खाली ओढली जाते, म्हणून गाडी एका पातळीत दबल्यासारखी वाटते. साध्या फोर्कवर पुढचाच ब्रेक वापरायची सवय असलेल्याला हा बदल आणि टेलिलेव्हरचा बदल असे दोन्ही एकाच दिवशी मिळतात, आणि मग कशामुळे काय वाटतंय ते सुटं करता येत नाही.

सवय करून घ्यायची असेल तर कोरडा, सपाट, मोकळा रस्ता आणि सकाळची वेळ निवडा. टायरचा दाब थंड असताना पुढे २.५ आणि मागे २.९ बार, म्हणजे ३६ आणि ४२ पीएसआय. पहिल्यांदा ताशी ४०वरून हळू, सलग वाढवत ब्रेक लावा आणि गुडघ्यांनी टाकी धरा. नाक बसत नसल्यामुळे शरीराला पुढे जाण्याची सूचना उशिरा मिळते आणि सगळं वजन मनगटांवर येतं. मनगटं ताठ झाली की हँडलची खबर बंद होते. बऱ्याच जणांना टेलिलेव्हर मुका वाटतो तो या ताठ मनगटांमुळे. गुडघ्यांनी वजन धरलं, कोपर सैल ठेवलं की हँडल पुन्हा बोलायला लागतं.

मग त्याच ४०वरून एबीएस सुरू होईपर्यंत ब्रेक दाबा. कोरड्या चांगल्या डांबरावर ८ ते १० मीटरमध्ये गाडी उभी राहायला हवी. लिव्हरखालची थरथर कुठल्या दाबाला सुरू होते ते बोटांना समजू दे. हाच प्रयोग ओल्या रस्त्यावर पुन्हा करा, थरथर किती आधी सुरू होते ते लक्षात ठेवा. त्यानंतरच वळणं. मोठ्या त्रिज्येच्या वळणात अगदी हलका ब्रेक धरून आत जा, मधोमध सोडा, आणि रेषा हलते का बघा.

खरा धोका दुसराच आहे, आणि तो नवख्यांपेक्षा सराईतांना जास्त आहे. गाडी इतकी शांत राहते की वेग जाणवत नाही. साध्या फोर्कवर वळणाला जास्त वेगाने पोचलो की बसलेलं नाक आणि हलकं झालेलं मागचं चाक वेळीच घाबरवतं. इथे तसं काही होत नाही. थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं: ४०ऐवजी ६०ने गेलात तर सव्वादोन पट. घाटात वेग काट्यावर बघून ठरवा, अंगाला काय वाटतं त्यावर निदान पहिले हजार किलोमीटर विसंबू नका.

जुनी_चेतक

ब्रेकमध्ये नाक बसतं की वर येतं हे ठरवणारी आणखी एक गोष्ट आहे, तिचा उल्लेख झाला नाही. ब्रेकची प्लेट (ड्रम ब्रेकचे गट्टे धरणारी) किंवा कॅलिपर (डिस्क दाबणारा भाग) कशाला बांधलेलं आहे?

गोव्यात हे बघायला लांब जायला नको. जुन्या चेतकला आणि तिच्या घराण्यातल्या व्हेस्पाला पुढे ट्रेलिंग लिंक असते, म्हणजे लिंकचा खिळा पुढे आणि चाकाचा अॅक्सल (आस) त्याच्या मागे. ब्रेकची प्लेट त्या लिंकवरच बसलेली असते. ब्रेक धरला की चाक प्लेटला स्वतःबरोबर पुढे फिरवू बघतं. अॅक्सल खिळ्याच्या मागे असल्यामुळे त्या फिरण्याने लिंकचं मागचं टोक वर उचललं जातं. म्हणून ही स्कूटर पुढचा ब्रेक जरा जोरात धरला तरी डोकं खाली घालते.

लीडिंग लिंकमध्ये सगळं उलट. खिळा मागे, अॅक्सल पुढे. त्याच फिरण्याने अॅक्सल खाली ढकलला जातो आणि गाडीचं नाक वर येतं. १९५५ ते १९६९च्या बीएमडब्ल्यू आर ५०, आर ६०, आर ६९ या गाड्यांचा अर्ल्स फोर्क याचसाठी प्रसिद्ध आहे. आपल्याकडच्या जुन्या राजदूत १७५लाही त्याच प्रकारचा लांब आर्मचा फोर्क होता. नाक वर येणं ऐकायला मजेचं वाटतं, पण त्यातही नुकसान आहे. ब्रेकच्या जोरामुळे लिंक ताठ होते आणि नेमकं ब्रेक धरलेला असताना खड्डा पचत नाही.

दोन्हींवर उपाय एकच: प्लेट लिंकवर घट्ट न बसवता अॅक्सलवर मोकळी ठेवायची आणि एका दांडीने ती फोर्कच्या न हलणाऱ्या भागाला बांधायची. दांडी कुठे आणि कुठल्या कोनात बांधली यावर किती बसायचं ते ठरतं. म्हणजे नाक बसणं हा आराखडा करणाऱ्याने निवडलेला आकडा आहे. जुनी चेतक आणि सध्याची टेलिस्कोपिक स्कूटर एकापाठोपाठ चालवली, दोन्ही वेळा ३०वरून फक्त पुढच्या ब्रेकने थांबवली, तर हा सगळा विषय पाच मिनिटांत अंगाला कळतो. अॅक्टिव्हाला २०२०च्या ६जीपर्यंत बॉटम लिंक (तळाशी छोटी लिंक असलेला फोर्क) होता, नंतर टेलिस्कोपिक आला. भाड्याच्या गाड्यांत अजून दोन्ही सापडतात. त्यांची तुलनाही करून बघा.

अनमोडचा_उतार

ड्युओलेव्हर आणि बाकीच्यांबद्दल.

ड्युओलेव्हरची कल्पना नॉर्मन हॉसॅक यांची, बीएमडब्ल्यूने ती २००४मध्ये के १२००एसवर आणली, आता के १६००वर आहे. जॉन ब्रिटन यांच्या व्ही१०००लाही याच जातीचं पुढचं टोक होतं. इथे नळ्या नाहीतच. चाक एका मोठ्या ओतीव सांगाड्यात बसतं, तो सांगाडा एकावर एक अशा दोन आर्मना बॉल जॉइंटने लटकतो, अगदी कारच्या डबल विशबोनसारखा, फक्त आडवा करून. हँडल आणि सांगाडा यांच्यामध्ये कात्रीसारखा घडीचा दुवा असतो. सांगाडा वरखाली झाला की कात्री उघडझाप करते, हँडलला त्याचा पत्ता लागत नाही. फक्त फिरणं तेवढं पोचतं.

हाताला लागणारा फरक: टेलिलेव्हरवर खड्ड्याचा थोडा ठोका नळ्यांमधून हँडलवर येतोच, ड्युओलेव्हरवर तोही गाळला जातो. ताशी १००च्या पुढे हायवेवर, पुलाच्या लोखंडी सांध्यांवर, ओळंब्यात चालल्यासारखी गाडी जाते. मात्र डांबराचा पोत कळत नाही. ओल्या पांढऱ्या पट्ट्यावर चाक गेलं हे डोळ्यांना कळतं, हाताला नाही. के १६००जीटीला पुढचा ट्रॅव्हल ११५ मिलिमीटर आहे. गाडी वजनदार, ट्रॅव्हल कमी. मायनिंगच्या ट्रकांनी खाल्लेल्या रस्त्यावर ही गाडी नेऊ नका, रचना कितीही चांगली असली तरी ट्रॅव्हल संपला की संपला.

२०१८पासूनच्या गोल्डविंगची पुढची बाजूही डबल विशबोन आहे. होंडाचा हेतू थोडा वेगळा होता: चाक सरळ वर गेलं तर त्याच्या मागे मोकळी जागा कमी लागते, म्हणून इंजिन आणि बसणाऱ्याची जागा पुढे सरकवता आली. हँडलच्या पुढे दुव्याच्या दांड्या चालताना हलताना दिसतात. पहिल्या दिवशी नजर तिकडे जाते, मुद्दाम रस्त्यावर ठेवा. ट्रॅव्हल ११० मिलिमीटर, गाडी पावणेचारशे किलोंच्या पुढची. चोडण किंवा दिवाडीच्या फेरीबोटीच्या उतरणीवर असली गाडी नेताना रचनेपेक्षा वजन महत्त्वाचं: बोट पूर्ण टेकल्यावरच, पुढचा ब्रेक न पकडता, मागच्या ब्रेकवर सरळ उतरा. शेवाळलेल्या लोखंडी पत्र्यावर पुढचा ब्रेक कुठल्याच सस्पेन्शनला वाचवता येत नाही.

हब-सेंटर म्हणजे बिमोटा टेसी. पहिली टेसी १डी १९९०ची, अलीकडची टेसी एच२ कावासाकीच्या सुपरचार्ज्ड इंजिनाची. पुढेही मागच्यासारखा स्विंगआर्म, आणि चाक वळतं ते हबच्या पोटातल्या खिळ्यावर. १९९३ची यामाहा जीटीएस१००० याच कुळातली, एका बाजूच्या आर्मची, जेम्स पार्कर यांच्या आराखड्यावरची. सरळ रस्त्यावर आणि ब्रेकमध्ये यांचं स्थैर्य अचाट. दोन गोष्टी मात्र त्रास देतात. हँडल दोन्हीकडे कमी वळतं, त्यामुळे जांभ्या दगडाच्या कुंपणांमधल्या वाड्यावरच्या रस्त्यात यू-टर्न एका दमात होत नाही. दुसरं, हँडलपासून चाकापर्यंत दांड्या आणि रोज जॉइंट (दांडीच्या टोकाचे छोटे बॉल जॉइंट) यांची साखळी असते. प्रत्येक जॉइंटमध्ये केसाएवढा प्ले (ढिलेपणा) धरला तरी चार जॉइंटचा मिळून हँडलच्या मध्यावर मेलेला पट्टा तयार होतो. जुन्या टेसीबद्दलच्या "काहीच कळत नाही" या तक्रारीत बराच वाटा या झिजेचा आहे. तेव्हा अशी गाडी बघताना एकाने पुढचं चाक घट्ट धरावं, दुसऱ्याने हँडल हलवावं, आणि चाक हलण्याआधी हँडल किती फिरतं ते मोजावं.

गॅरेज_म्हापसा

तपासणीचं मी सांगतो. घाई करू नका, अर्धा तास लागतो.

गाडी सेंटर स्टँडवर. एकाने मागच्या कॅरिअरवर वजन टाकून पुढचं चाक अधांतरी करावं. चाकासमोर बसून दोन्ही पायांची खालची टोकं धरा आणि पुढे-मागे ढकला. खट् असं काही लागलं तर लगेच बॉल जॉइंटला दोष देऊ नका, नळ्यांमध्येही थोडा प्ले असतो. दुसऱ्या माणसाने बॉल जॉइंट आणि पूल यांच्या सांध्यावर बोट ठेवावं. ढकलताना बोटाखाली हालचाल जाणवली तर बॉल जॉइंट गेला. बोटाखाली काही नाही आणि आवाज वरून येतोय तर नळ्या किंवा वरचा जोड. मग आर्म इंजिनाला जिथे धरलाय तिथे हाताने आडवा हलवून बघा, तिथले बेअरिंगही झिजतात. हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळू फिरवा, कुठेही खाच लागता कामा नये.

बॉल जॉइंटचं रबरी बूट विजेरी घेऊन सगळ्या बाजूंनी बघा. आपल्याकडे गाडी मारणारं कारण किलोमीटरपेक्षा हे बूट जास्त असतं. कळंगुट-कांदोळीच्या बाजूला उभी राहिलेली गाडी म्हणजे खारी हवा, त्यात चार महिने पाऊस. बुटाला चीर पडली की पाणी आणि बारीक लाल धूळ आत जाते, ग्रीसची खळ होते आणि जॉइंट खाल्ला जातो. बाहेरून गाडी चकचकीत दिसते. चीर दिसली आणि प्ले नसला तरी जॉइंटचे पैसे किमतीतून वजा करा. बदलताना नट किती आवळायचा तो आकडा त्या वर्षाच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या आणि टॉर्क रेंचनेच आवळा, अंदाजाने कधीच नाही. पुढचं चाक या एका जॉइंटवर आहे.

नळ्यांच्या सीलमधून तेल येत असेल तर डँपिंग बिघडत नाही, कारण डँपिंग तिथे नाहीच. म्हणून विकणारा "त्याने काही होत नाही" म्हणेल. होतं. तेल ब्रेकच्या डिस्कवर आणि पॅडवर जाऊ शकतं. आर्मवरच्या शॉकअपच्या दांडीवर तेलाचा थर असेल तर मात्र खरं डँपिंग गेलं, आणि तो शॉकअप स्वस्त नाही.

दाबून बघायची पद्धत इथे वेगळी आहे. पुढचा ब्रेक धरून हँडल खाली-पुढे ढकललं तर टेलिलेव्हर फारसा बसत नाही, आणि नवखे त्याला अडकलेला समजतात. ब्रेक सोडा, टाकीजवळ सीटच्या पुढच्या भागावर वजन टाकून दाबा. एकदा खाली, एकदा वर येऊन गाडी स्थिर व्हावी. दोन-तीनदा डोलली तर शॉकअप संपलेला.

तुमची २०१५ची आहे म्हणून खास: नोव्हेंबर २०१३ ते जून २०१७ या काळात बनलेल्या आर १२००जीएस आणि अॅडव्हेंचर यांच्या वरच्या स्थिर नळ्यांसाठी बीएमडब्ल्यूने २०१७मध्ये जगभर तपासणी आणि दुरुस्तीची मोहीम काढली होती. एखाद्या अडथळ्यावर जोरात आदळल्यावर नळीला इजा होऊन वरचं बूच सैल होऊ शकत होतं. चासी नंबर अधिकृत डीलरकडे देऊन या गाडीवर ते काम झालंय का ते लेखी घ्या. वरच्या पुलाजवळ नळ्यांच्या डोक्याशी तेलाचा ओलावा दिसला तर गाडी चालवूनही बघू नका.

धडक खाल्लेली गाडी टेलिलेव्हरमध्ये ओळखणं कठीण, कारण वाकलेला फोर्क जसा डोळ्यांना दिसतो तसा वाकलेला आर्म दिसत नाही. आर्मवरच्या रंगात केसासारखी चीर, स्टिअरिंग जिथे थांबतं तिथल्या आघाताच्या खुणा, हँडल सरळ असताना चाक किंचित तिरकं, या तीन गोष्टी शोधा. पुढच्या टायरवर पायऱ्यांसारखी झीज असेल तर ती दाब कमी ठेवल्यानेही होते, पण संपलेल्या शॉकअपनेही होते. टायर १२०/७० आर १९च आहे ना तेही बघा.

चालवून बघताना गतिरोधकावरून २०ने, ब्रेक न धरता जा आणि कान द्या. नंतर तोच गतिरोधक हलका ब्रेक धरून. दुसऱ्या वेळीच खट् आलं तर प्ले ब्रेकच्या दिशेचा आहे, म्हणजे बॉल जॉइंट किंवा आर्मचे बेअरिंग.

घेतल्यानंतर एकच पथ्य: धुण्याच्या जेटचा झोत बॉल जॉइंटच्या बुटावर मारू देऊ नका. साधं पाणी, मऊ ब्रश, आणि पावसाळ्यापूर्वी एकदा, पावसाळ्यानंतर एकदा बुटाची पाहणी.

पर्वरीकर_६६

सगळ्यांचे मनापासून आभार. चासी नंबर उद्याच देतो. एक राहिलं. बेळगावला जाताना मागे पत्नी आणि दोन पेट्या असतात. पुढचा टेलिलेव्हर कडक करावा लागेल का?

डिचोलीचा_पाना

पुढे हात लावू नका, मागे बघा. मागे वजन आलं की मागची बाजू बसते आणि पुढचा रेक झोपतो, गाडी वळायला जड होते. साध्या फोर्कवर ब्रेक लावला की नाक बसून ही चूक थोडी झाकली जाते. टेलिलेव्हरवर ती झाकली जात नाही, केरीपासून वरपर्यंत प्रत्येक वळणात हँडलला ढकलत राहावं लागतं, आणि दोष पुढच्या सस्पेन्शनला दिला जातो.

गाडीला इलेक्ट्रॉनिक सस्पेन्शन असेल तर उभ्या गाडीवर इंजिन चालू ठेवून दोन हेल्मेटचं चिन्ह निवडा. नसेल तर मागच्या प्रीलोडचा (स्प्रिंगला आधीच दिलेल्या दाबाचा) गोल नॉब हाताने फिरवायचा. किती फिरवायचा ते मोजून ठरवा: गाडी सेंटर स्टँडवर असताना मागच्या अॅक्सलपासून सीटखालच्या एका ठरलेल्या बिंदूपर्यंतचं अंतर घ्या, मग दोघं बसून पेट्या भरलेल्या असताना पुन्हा घ्या. फरक मागच्या २०० मिलिमीटर ट्रॅव्हलच्या साधारण तिसऱ्या हिश्शाएवढा, म्हणजे ६५ मिलिमीटरच्या आसपास आला पाहिजे. जास्त आला तर नॉब आवळा. हेडलाइटची पातळीही त्यानंतरच लावा. आणि पेट्यांमधलं जड सामान तळाशी, पुढच्या बाजूला भरा.